कोंडीबांच्या छातीतला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. मेणबत्तीचा भाऊबंद समजू नका. मी सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत राहतो. माझ्या पोटात कोंडीबांच्या फुफ्फुसावरच्या अस्तराचा तांदळाएवढा तुकडा आहे. त्यांच्या छातीत सारखं पाणी होई, म्हणून डॉक्टरांनी तो काढला, मेणात बसवला आणि माझा जन्म झाला.

माझे पातळ काप काचेवर पाहून निकाल गेला: फुफ्फुसाचा कर्करोग. माणूस माणदेशातला मेंढपाळ, ओढायचा विडी. शंका कुणाला येणार? मला खणात टाकलं.

प्रयोगशाळेतल्या अश्लेषा डॉक्टरांना मात्र ते काप खटकत राहिले. कोंडीबा आणि त्यांची बायको सुलाबाई पुन्हा आले, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. पावसाळ्यात मेंढरं गावी असतात, तेव्हा तुम्ही काय करता, असं विचारलं.

"तवा व्हय? तवा साखर कारखान्यात. बंद बॉयलरच्या नळ्यांवरचं जुनं पांढरं खरवडायचं."

"हे आधी का नाही सांगितलं, बाबा?"

"आवं, काम इचारलं हुतं. आमचं काम मेंढरं. ते आपलं रिकाम्या दिसांतलं."

"पांढरं भूत हून यायचं घरी," सुलाबाई म्हणाल्या. "कापडं मीच झटकायची."

डॉक्टरांनी त्यांच्याकडेही एकदा नीट पाहिलं.

ते पांढरं म्हणजे नळ्यांची उष्णता राखायला लावलेलं अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू खरवडणाऱ्याच्या, कपडे झटकणाऱ्याच्याही श्वासातून आत गेले, की पुष्कळ वर्षांनी फुफ्फुसाच्या अस्तरालाच कर्करोग होऊ शकतो. तो आजार वेगळा. कामातून जडला म्हणून त्याची भरपाई मागता येते, पण आधी तो तपासणीत सिद्ध व्हावा लागतो. माझ्यात तुकडा फार थोडा उरला होता, आणि नवा तुकडा काढायला कोंडीबांना पुन्हा भूल सोसणार नव्हती.

काप काढणाऱ्या मायाताईंनी मला बर्फावर गार केलं, यंत्रात घट्ट धरलं. पातं सरकलं. पहिला काप फाटला. त्यांनी श्वास रोखला. मला असता तर मीही रोखला असता. पुढचा पाण्यावर अलगद पसरला. त्यामागचेही निघाले. मग थोडा तुकडा माझ्यात राखून त्यांनी हात आवरला.

खास रंग चढवल्यावर आजाराचं नाव बदललं: मेसोथेलिओमा, म्हणजे त्या अस्तराचाच कर्करोग. बरं करायची ताकद त्याही नावात नव्हती.

"म्हंजे इडीनं न्हाई," कोंडीबा म्हणाले. "ही उगं शिव्या देत हुती."

"त्या ऱ्हातील तशाच," सुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

आता दावा लागलाय. कारखान्याच्या वकिलांना निकाल मान्य नाही. त्यांचे डॉक्टर मला पुन्हा तपासणार आहेत. माझ्यात जेमतेम तेवढ्यापुरताच तुकडा उरलाय. म्हणून, मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या प्रयोगशाळेत कामाला लागलं आणि जुने ठोकळे टाकायला निघालं, तर आमच्यावरचा नंबर आधी वाचा. आम्हाला उन्हात ठेवू नका, आम्ही वितळतो. तारीख येईल तेव्हा कोंडीबा असतील की नाही, कुणी सांगावं. मी असायला हवा.