आईच्या पानावरची कणगी

वलवणला मला ‘स्क्रॅपबुकवाली रेणुका’ म्हणून ओळखतात. लोक लग्नाचे, डोहाळजेवणाचे फोटो आणून देतात, मी पानं सजवते आणि पानापानाला हाताने केलेले चार्म टांगते. चार्म म्हणजे दोऱ्याने लोंबणारी एवढीशी वस्तू: तारेचं फूल, शाडूची किटली. नवरा याला पोरखेळ म्हणायचा, पण त्याच्या बहिणीच्या लग्नाचं पुस्तक पाहिल्यापासून त्याचं तोंड बंद झालंय.

या उन्हाळ्यात मी आईचं पुस्तक करायला घेतलं. ती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझे वडील, आबा, भाजे गावी एकटेच असतात. भाताच्या खाचरात शेजारी देतील ते बी टाकतात. आईचं आंबेमोहराचं बी मात्र आढ्याला वाळक्या, पोकळ भोपळ्यात तसंच टांगलेलं. दरसाल ती लोंब्या निवडून, राखेत घोळून ते ठेवायची. तसलं वाण आता आसपास कुणाकडे उरलेलं नाही. आबा, पेरा की, असं मी प्रत्येक फेरीत म्हणायचे आणि आबा विषय बदलायचे. मला राग यायचा. म्हातारा आळसावला, असंच मी धरून चालले होते.

पुस्तकात एका पानाला मला भात साठवायच्या कणगीचा चार्म लावायचा होता, आणि त्यात आईचंच भात हवं होतं. मागितलं तेव्हा आबांनी वर भोपळ्याकडे पाहिलं. मग चिमूटभर साळीचे दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

“ने,” ते म्हणाले. “पर पेराय सांगू नगंस. उगवलं न्हाई, तर तुजी आय दुसऱ्यांदा जाईल.”

दाणे रुमालात बांधून मी घरी आले.

शाडूची बोटाएवढी कणगी वळली आणि तिच्या तोंडाशी दाणे उभे खोचले. उन्हाने तडकू नये म्हणून वर ओलं फडकं टाकलं. नेमकं तेव्हाच एका बंगल्यावरचं वाढदिवसाचं काम आलं आणि कणगी डोक्यातून गेली. शाडूच्या उरलेल्या गोळ्यावर पाणी शिंपडताना त्या फडक्यावरही शिंपडलं जायचं, तेवढंच.

काम उरकून फडकं उचललं, तर कणगीवर पांढरं पांढरं काहीतरी. बुरशी आली म्हणून मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. टाकून द्यायला खिडकीशी नेली आणि उजेडात नीट पाहिलं.

मोड होते ते. सगळ्या दाण्यांना नाही, पण बऱ्याच दाण्यांची मुळं शाडूत शिरली होती, आणि एकाला सुईच्या टोकाएवढा हिरवा कोंब आला होता. आईचा हात लागलेला दाणा. तिची लुगडी वाटून झाली, भांडी गेली, आणि हा एवढासा जीव तुसाच्या आत गुमान बसून राहिला होता. कुणीतरी पाणी द्यावं, एवढंच त्याचं मागणं. मला रडूसुद्धा आलं नाही. देवापुढे उभं राहावं तशी मी त्या कणगीपुढे उभी होते.

कणगी डब्यात घातली आणि तशीच भाज्याला गेले. आबा अंगणात बसले होते. डबा उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, कोंबाजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. मग पायातल्या वहाणा काढल्या, घरात जाऊन भोपळा उतरवला आणि तो मांडीवर घेऊन बसले.

“मी भ्यालो व्हतो, रेणे,” आबा म्हणाले. मग त्यांनी मला घमेल्यात पाणी आणायला सांगितलं. “समदं भिजत घालू.”

भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून राब तयारच होता. बी फेकलं त्या दिवशी आबांनी माझी कणगीही तिथेच एका कोपऱ्यात पुरली. मी हरकत घेतली नाही.

पुस्तक पूर्ण झालंय. आईच्या त्या पानावर नुसता दोरा लोंबतोय. दिवाळीच्या सुमारास लोंबी पिकली, की तीच त्याला बांधेन.