मधोमध नसलेला चौकोन

चित्रकलेच्या सरांना शाळेत सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर सर, पाठ फिरली की खोडरबर. कुणाचीही वही हातात घेतली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "खोडा आधी हे." गाय काढलेली असो की किटली, आधी खोडायचं, मग बोलायचं. स्वतः सरांनी मात्र उभ्या आयुष्यात काही खोडल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

अशा माणसाच्या गळ्यात मुलींची आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा पडली, ती खेळाच्या सरांमुळे. उडी मारल्यावर जमिनीवर कसं उतरावं, हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावरून उडी मारून दाखवलं. कसं उतरू नये, ते सगळ्यांना नीट समजलं. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि सात शाळांना निमंत्रणं तर केव्हाच गेलेली होती.

"सर, आता तुम्हीच बघा," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

"बाई, मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी शाळेतलं सगळं कुठे कळतं? चालवतेच ना."

 बाई मुरलेल्या होत्या. नुसत्या हुकमाने माणूस कामाला लागतो, पण जीव ओतत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक किल्ली काढून समोर ठेवली. ती बघून सर खुर्चीत पुढे सरकले.

ती चित्रकलेच्या खोलीची किल्ली होती. उत्तरेला तीन मोठ्या खिडक्या, दिवसभर शांत, सारखा उजेड. काही वर्षांपूर्वी खेळाच्या सामानाने ती खोली गिळली, आणि तेव्हापासून सर डबा खायच्या हॉलच्या एका कोपऱ्यात चित्रकला शिकवत होते. तिथे वस्तुचित्रासाठी मांडलेलं सफरचंद चित्र पूर्ण होईपर्यंत कधी टिकलं नव्हतं. मुलींच्या वह्यांमध्ये वर्षभर नुसते देठ दिसत.

"स्पर्धा नीट पार पाडा," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या एकाही शाळेची तक्रार येता कामा नये. तेवढं जमलं तर सामान मी हलवते, खोली तुमची."

"आणि आली तर?"

बाईंनी किल्ली परत खणात टाकली आणि खण सरकवून बंद केला. खणाचा आवाज फार बोलका होता.

सर कामाला लागले. रिंगच्या मागचे दोन्ही फळे कुजून गेले होते. ते नवे करून द्यायला गादीशेठ तयार झाले. गादीशेठ म्हणजे गाद्या-उशांचे मोठे व्यापारी. त्यांची अट एकच, फळ्याच्या मधोमध, लांबून दिसेल अशा अक्षरांत, त्यांच्या वडिलांचं नाव हवं. 'पूज्य' अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. सरांनी ते इतकं झोकदार काढलं, की दिवंगत गृहस्थांना हयातीत एवढा रुबाब कधी नसेल.

नाव वाळतं न वाळतं तोच घरी पडल्या पडल्या खेळाच्या सरांचा फोन आला. रिंगच्या वर एक चौकोन काढायचा असतो, तो विसरू नका. आता मधली जागा तर शेठच्या वडिलांनी व्यापलेली. पण सरांना त्यात अडचण वाटली नाही, उलट आनंदच झाला. चित्रात मुख्य वस्तू कधी बरोब्बर मधोमध ठेवायची नसते, हे ते सातवीच्या वर्गाला दरवर्षी घसा फोडून सांगत. त्यांनी चौकोन हातभर डावीकडे घेतला. मग तो फार सपाट वाटला, म्हणून एका अंगाने सावली दिली. आता भिंतीत एक छोटी खिडकी उघडल्यासारखं वाटू लागलं. सर शिडीवरून उतरले, डोळे बारीक करून लांबून बघत राहिले, आणि दुसऱ्या फळ्यावरही अगदी तसाच काढला.

दुसऱ्या दिवशी सरावाला आलेली संघाची कॅप्टन थेट त्यांच्याकडे आली. ती इतकी उंच होती, की तिलाही मैत्रिणी शिडीच म्हणत.

"सर, चौकोन चुकलाय."

"काय चुकलंय त्यात?"

"रिंगच्या वर नाहीये तो. बाजूला गेलाय."

"त्याला तोल म्हणतात."

"पण सर, बॉल..."

"बॉल हा तुझा विषय, चौकोन माझा."

शिडी परत सरावाला गेली. पण मुली वेंधळ्या नव्हत्या. चौकोनाकडे ढुंकूनही न बघता शेठच्या वडिलांच्या नावावर नेम धरायचा, हे त्यांनी दोन दिवसांत हाडीमासी भिनवलं. 'पूज्य'नंतरच्या अक्षरावर बॉल आपटला की तो आपोआप जाळीत पडे. त्याला त्या आपसात 'आजोबांना टेकवणं' म्हणत, आणि सरावाच्या वेळी ते सरांच्याही कानावर पडलं होतं. बाहेरच्या संघांना आजोबा माहीत नव्हते. शिडीला जन्मात पहिल्यांदा करंडक दिसू लागला होता.

स्पर्धेच्या दिवशी सातही शाळांच्या बस वेळेवर आल्या, आणि सातही प्रशिक्षक तक्रारीला जागा शोधत हॉलभर फिरू लागले. एकाने जमिनीवर बूट घासून बघितला. एकाने पिण्याचं पाणी हुंगलं. एक चष्मेवाले प्रशिक्षक तर तक्रारीचा अर्ज घरूनच लिहून घेऊन आले होते. खाली सही होती, वर तारीख होती, फक्त मधला मजकूर घडायचा बाकी होता. तो अर्ज त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होता, आणि सर जिथे जातील तिथून त्यांना तो दिसत होता.

फीत कापली गेली. गादीशेठचं भाषण झालं. खेळात हार-जीत महत्त्वाची नसून पाठीचा कणा महत्त्वाचा, असा त्याचा सारांश होता. मग कार्यक्रमपत्रिकेवरचं शेवटचं कलम आलं. प्रमुख पाहुण्यांनी एक बॉल बास्केटमध्ये टाकून स्पर्धेचं उद्घाटन करावं. ही कल्पनाही खेळाच्या सरांची. अंथरुणावर पडलेल्या माणसाला कल्पना फार सुचतात.

शेठ रिंगसमोर उभे राहिले आणि त्यांनी बॉल फेकला. तो बॅंडवाल्यांच्या ढोलावर जाऊन पडला. टाळ्या झाल्या.

"सराव नाही ना राहिला," शेठ म्हणाले. "आणखी एकदा."

दुसरा बॉल रिंगखालून गेला, तिसरा रिंगपर्यंत गेलाच नाही. शेठनी कोट काढून पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोच्या मांडीवर ठेवला. मग घड्याळ. मग टाय. मग बूट. शेठाणीबाई निर्विकार चेहऱ्याने एकेक वस्तू घेत होत्या. मांडीवरचा ढीग हनुवटीला लागला, तेव्हा त्यांनी मान थोडी तिरकी केली, एवढंच.

नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे घडे संपून पिंप लागायची वेळ आली. संघ अंग गरम करून बसले होते, ते परत थंड झाले. सर शेवटी पुढे सरकले.

"शेठ, उद्घाटन झाल्यातच जमा आहे."

"कुणाच्या मते?"

"सगळ्यांच्याच."

"सर, मी गाद्या विकतो. एक टाका राहिलेली गादी माझ्या दुकानातून बाहेर पडत नाही."

हे ऐकून एका प्रशिक्षकाला राहवलं नाही. "शेठ, गुडघ्यात वाका," तो म्हणाला. लगेच दुसरा उठला. "वाकू नका, मनगट वापरा." तिसऱ्याने शेठची कोपरं धरून त्यांचा कोन बदलला. पाय कसे ठेवावेत यावरून दोघांची तू-तू मैं-मैं झाली. पण एका मुद्द्यावर सातही जणांचं एकमत होतं, आणि सात प्रशिक्षकांचं एकमत होणं ही तशी धूमकेतू दिसण्यासारखीच गोष्ट.

"चौकोनावर मारा शेठ. डोळे झाकून चौकोनावर मारा."

शेठ मारू लागले. आधी चौकोनाच्या आसपास, मग चौकोनाच्या कडेवर, मग बरोब्बर आत. दर वेळी बॉल चौकोनावर धप्पकन आपटे आणि रिंगच्या डावीकडून निमूट खाली येई. शेठचा नेम आता अचूक बसला होता. म्हणूनच तर बॉल जात नव्हता.

चष्मेवाल्या प्रशिक्षकांनी खिशातून अर्ज काढला, मांडीवर सरळ केला आणि पेनाचं टोपण उघडलं.

सरांनी सवयीने खिशातली पेन्सिल काढली, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि फळा मापायला घेतला. रिंग मधोमध, चौकोन डावीकडे. पुन्हा मापलं. चौकोन डावीकडेच. तोल अप्रतिम साधला होता. त्यांनी हळूच शेजारी बघितलं. शिडी छताकडे बघत उभी होती.

"हे तू मला सांगितलं होतंस," सर पुटपुटले.

"हो सर."

"मग आता?"

"आता काही नाही सर. दमतील आणि बसतील."

"ते दमणारे नाहीत. त्यांना आजोबांना टेकवायला सांगावं लागेल."

शिडीने छतावरची नजर खाली आणली. "सर, ते सांगितलंत तर सगळ्या संघांना कळेल. आम्ही पहिल्याच सामन्यात आपटू."

सरांना हे पटत होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे संघ नव्हताच. तिथे तीन खिडक्या होत्या, आणि समोर चष्मेवाल्यांचं पेन कागदाला टेकलं होतं.

ते हॉलच्या मध्यभागी गेले.

"शेठ, थांबा. चौकोन चुकलाय. तो रिंगच्या वर हवा. मी तो बाजूला काढलाय."

"का?"

"दिसायला बरा दिसत होता."

हॉल एकदम शांत झाला. बॅंडवाल्यांनीही वाजवण्याचं सोंग थांबवलं. आणि त्या शांततेत मागच्या बाकांवरून एक बारीक आवाज आला, "खोडा आधी हे."

सगळा हॉल हसला. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. सर कानशिलापर्यंत लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत.

"मग मारू कुठे?" शेठनी विचारलं.

"बरोब्बर मधोमध."

शेठनी फळ्याच्या मधोमध बघितलं. हातातला बॉल त्यांनी हळूच छातीशी धरला.

"तिथे वडील आहेत."

"त्यांच्यावरच मारायचं शेठ. म्हणजे, नावावर."

"भर सभेत? जन्मदात्याच्या नावावर बॉल?" शेठनी मान हलवली. "त्यापेक्षा उद्घाटन राहू दे."

आता मात्र सगळीच पंचाईत झाली. चौकोनावर मारावं तर बॉल जात नाही, नावावर मारावं तर संस्कार आडवे येतात. प्रशिक्षक एकमेकांकडे बघू लागले. या प्रसंगासाठी त्यांच्याकडे सूचना नव्हती. तेव्हा पहिल्या रांगेतल्या ढिगामागून, कोट आणि टायच्या वरून, एक शांत आवाज आला.

"अहो."

शेठ वळले.

"मामंजींनी जन्मभर तुमच्या अंगावर उशा फेकल्या. दुकानात फेकल्या, घरी फेकल्या, आपल्या लग्नाच्या फोटोत एक उशी अजून हवेत आहे. तुम्ही एकदाही परत फेकली नाहीत." शेठाणीबाईंनी मांडीवरचा घसरणारा बूट सावरला. "एक फेका. ते काही म्हणणार नाहीत. मी बघून घेते."

शेठ फळ्याकडे वळले. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, बहुधा माफी. मग गुडघ्यात वाकले नाहीत, मनगट वापरलं नाही, पायाचा कोनही विसरले. दोन्ही हातांनी, उशी फेकावी तसा, पोटातून बॉल फेकला.

तो 'पूज्य'च्या पुढच्या अक्षरावर आपटला आणि जाळीतून खाली आला.

पुढे बराच वेळ काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. शेठ बायकोकडे धावले, तर ढिगामुळे त्यांना तिच्यापर्यंत पोचताच येईना. सातही प्रशिक्षक एकमेकांना सांगत होते, की शेवटचा बॉल आपल्याच सूचनेमुळे गेला. चष्मेवाल्यांनी शेठबरोबर फोटो काढून घेतला, आणि 'माझा शिष्य' असं लिहून त्यांची सही मागितली. दुसरा कागद नव्हता, म्हणून अर्जाच्याच मागे.

तक्रार एकही आली नाही. शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. दिवसभर प्रत्येक संघ आजोबांवर तुटून पडला होता. संध्याकाळी रंग उडून फळ्यावर फक्त 'पूज्य' उरलं, आणि त्याच्या शेजारी चौकोन, सावलीसकट, जसाच्या तसा.

बक्षीस समारंभात मोठ्या बाईंनी किल्ली सरांच्या तळहातावर ठेवली. सर ती मुठीत घट्ट धरून उभे असतानाच शेठ पुन्हा माइकसमोर गेले. आज छातीवरचं ओझं उतरलं, म्हणाले, आणि या आनंदात ते शाळेला शंभर गाद्या देत आहेत. मुलींना पडायला.

टाळ्या थांबल्यावर मोठ्या बाईंनी विचार केला, शंभर गाद्या ठेवायच्या कुठे. मग त्यांची नजर हळूहळू सरांच्या मुठीकडे वळली.

हल्ली चित्रकलेचा तास चित्रकलेच्या खोलीतच होतो. तीन खिडक्यांपैकी एक पूर्ण आणि दुसरीचा वरचा अर्धा भाग गाद्यांच्या थप्प्यांवरून दिसतो. उजेड उत्तम येतो. मुली सफरचंदाऐवजी मांडलेल्या गादीचं चित्र काढतात, कारण ती कुणी खात नाही. अर्धा वर्ग गाद्यांवर चढून झोपी जातो, आणि उरलेला अर्धा वर्ग त्यांची चित्रं काढतो. इतकी वर्षं शिकवून सरांना न हलणारी माणसं चित्राला पहिल्यांदाच मिळाली होती.

परवा त्यांनी शिडीची वही हातात घेतली. तिने थप्पीवर पालथी झोपलेली मैत्रीण काढली होती. एक हात लोंबत होता, तोंड थोडं उघडं होतं. हुबेहूब होतं. आणि कागदाच्या बरोब्बर मधोमध होतं.

सरांनी तोंड उघडलं. शिडीने निमूटपणे खोडरबर हातात घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"राहू दे," सर म्हणाले, आणि पुढच्या गादीकडे वळले.