नुसत्या लेन्सचा कॅमेरा

बॅग उचलली तेव्हाच हाताला कळलं. आठ वर्षं ज्या खांद्याने एकच ओझं वाहिलंय, त्याला फसवता येत नाही. चेन उघडली. माझ्या कॅमेऱ्याच्या जागी एक काळी डबी होती, मुठीत मावेल एवढी. पुढे काच, मागे खेकड्यासारख्या दोन नांग्या. सोबत ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी: तुझ्या मानेसाठी.

मी दुकानात फोन लावला.

"मिळालं?" ह्यांच्या आवाजातून आनंद नुसता उतू चालला होता.

"अहो, माझा कॅमेरा कुठाय?"

"तोच तर आहे तुझ्या हातात. जुना देऊन नवा आणला. अगं, आल्या आल्या मान चोळत बसतेस, बघवत नाही मला. हा फोनला लावायचा की झालं. चित्र फोनवर दिसतं, वायरसुद्धा लागत नाही. कॅमेरा म्हणजे काय शेवटी? लेन्स. बाकी नुसतं वजन."

आमचे हे चष्मे करतात. नंबर बरोबर असला की फ्रेम कुठलीही चालते, हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवून ऐकवून त्यांच्या हाडीमाशी मुरलंय. कॅमेऱ्यालाही त्यांनी तोच न्याय लावला. लेन्स ठेवली आणि फ्रेम टाकून दिली.

"मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?" गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो कॅमेरा मी टायपिंगची कामं करून घेतला होता. शिकवायला कोणी नव्हतं. सोबतचं पुस्तक वाचलं, वाचलेलं चुकवलं, चुकलेलं परत वाचलं. वर्षभर माझ्या फोटोंत सगळ्या जगाला कावीळ झालेली होती. मग हळूहळू जमलं. आता दर शनिवारी मी बेवारशी जनावरांच्या निवाऱ्यात जाते आणि कुत्र्यामांजरांचे फोटो काढते. संध्याकाळी ते फोटो लोकांपर्यंत जातात आणि रविवारी माणसं येतात, 'तो तिसऱ्या फोटोतला द्या' म्हणून. ज्याचा फोटो वाईट, त्याच्या पिंजऱ्यापुढे कोणी थांबत नाही. निवारा मानधन देतो, थोडकं. ह्यांच्या मते तो माझा विरंगुळा.

शनिवारच होता. राग गिळला, डबी उचलली आणि निघाले.

निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. "ताई, आज काळीचा फोटो पाहिजेच. मागचे तीन रविवार कोणी बघितलंसुद्धा नाही तिला."

काळी म्हणजे नखशिखांत काळी कुत्री, पाच वर्षांची, भलती शहाणी. मी महिनाभर आजारी होते. तेवढ्यात कोणीतरी फोनवर तिचा फोटो काढला होता. त्या फोटोत कुत्री दिसतच नव्हती. शाईची दौत सांडल्यासारखा डाग आणि त्यात दोन हिरवे दिवे. काळ्या जनावराचा फोटो काढणं म्हणजे उजेडाची मनधरणी असते. उजेड बाजूने घ्यावा लागतो, केसांवर लकाकी आली की तेवढ्यात बटण दाबावं लागतं. ती लकाकी पाव क्षण टिकते.

काळीला अंगणात आणलं. मी नांग्यांत फोन अडकवला. आता डबीने फोनला ओळखायला हवं. ती ओळख काही पटेना. एक चक्र फिरत राहिलं. काळी माझ्याकडे बघत बसली, मग कंटाळली, मग आडवी झाली.

"नवीन आहे वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नवीन आहे. माझं नाही."

चित्र आलं. आलं म्हणजे काहीतरी आलं, कारण मला दिसत नव्हतं. चाळिशी लागल्यापासून जवळचं वाचायला मला चष्मा लागतो. चष्मा लावला तर फोन स्वच्छ, समोरची कुत्री धुक्यात. काढला तर कुत्री लख्ख, फोन धुक्यात. एकाच चष्म्यात दोन्ही दिसेल असा एक ह्यांनी मागे करून दिला होता. खाली बसून वर बघितलं की भोवळ यायची, म्हणून त्यांनीच तो परत घेतला. माझ्या कॅमेऱ्यात ही भानगड नव्हती. डोळा लावायच्या काचेशेजारी बारीक चकती असते, ती आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवायची. बिनचष्म्याचा डोळा लावला की झालं. कुत्री, उजेड, बोट, सगळं एका ठिकाणी.

इथे कुत्रीने मान वळवली की फोनमधली कुत्री मागाहून वळायची. लकाकी आली, मी बटण दाबलं आणि फोटो लकाकी गेल्यावरचा निघाला. एकदा, दोनदा, सतरा वेळा. सतरा डाग, चौतीस दिवे.

"मांजरं करू का आधी?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. त्या शहाण्या आहेत. शिवी तोंडात आलेल्या बाईला कुठे वळवावं हे त्यांना कळतं.

मांजरांच्या खोलीत एक भुरी मांजरी कपाटाखाली जाऊन बसली होती. आल्यापासून तिथेच. माझा मोठा कॅमेरा बघितला की ती आणखी मागे सरकायची. एवढ्या मोठ्या एका डोळ्याला कोण घाबरणार नाही. मी चिडूनच डबी फोनपासून सोडवली आणि जमिनीवरून आत सरकवली. फोन माझ्या हातात, चष्मा नाकावर. मांजरीने डबी हुंगली. मग पंजावर हनुवटी ठेवून थेट आत बघितलं, आरशात बघावं तसं. मी फोनवर बोट टेकवलं.

फोटो सुंदर आला. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. डबी वाईट असती तर बरं होतं. सरळ तोंडावर फेकता आली असती.

"हिला घर मिळेल हं आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काळीचं काय?"

"पाच वाजता फोटो लावतो आम्ही. त्याआधी जमलं तर बघा."

तीन तास होते. मी रिक्षा केली.

ह्यांच्या दुकानात खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. नाकावर नंबर तपासायची ती गोल, जड, यंत्रासारखी फ्रेम. समोर अक्षरांचा तक्ता. हे तिच्यात एकेक काच घालून विचारत होते, "हे बरं, की हे?"

मी काउंटरवर डबी ठेवली. "माझा नंबर सांगा."

"अगं, दोन मिनिटं. ह्यांचं संपवतो."

"माझा जवळचा नंबर किती?"

"सव्वादोन," हे म्हणाले. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाले असते.

"फोन किती लांब धरते मी, चष्म्याशिवाय?"

ह्यांनी काच हातातच धरून ठेवली. "हात पुरत नाही तुझा."

"मग ही डबी मी कशाने बघू? कानाने?"

ह्यांचा चेहरा पडला. फसून आणलेली वस्तू नव्हती ती, हे मला माहीत होतं. वजन बघितलं होतं त्यांनी, काच बघितली होती, दुकानदाराशी हुज्जत घातली असेल. फक्त त्या वस्तूच्या मागे डोळा कोणाचा असणार, हे राहून गेलं. रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाईने फ्रेम निवडली तर हे तिला तीनदा विचारतात, नाकावर टोचत नाही ना, वाकल्यावर घसरत नाही ना.

"तुझी मान," हे म्हणाले. "मला वाटलं…"

"तुला वाटलं." मी एकेरीवर आले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, तेही गिऱ्हाइकासमोर. "या बाईंना तू दहा वेळा विचारतोस, हे बरं की हे. मला एकदा विचारलंस? माझी मान दुखते ती माझ्या कामाने दुखते. तुझी पाठ दुखते म्हणून मी तुझं दुकान विकून तुला टपरी आणून दिली का?"

खुर्चीतल्या बाई त्या अवजड फ्रेममधून एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होत्या.

"चुकलं तुमचं," त्या ह्यांना म्हणाल्या. "आणि हो, आधीची काच बरी होती."

दुकान उघडं टाकून हे माझ्याबरोबर निघाले. बाईच म्हणाल्या, जा, मी बसते.

कॅमेऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. माझा कॅमेरा काचेच्या कपाटात होता. पुसून चकचकीत केलेला. माझा पट्टा काढून टाकलेला. पुढे चिठ्ठी: नवशिक्यांसाठी उत्तम, कमी वापरलेला.

आठ वर्षांत मी त्या बटणावरचा रंग घालवला होता. अंगठ्याखालचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. कमी वापरलेला.

"या दादा," दुकानदार ह्यांना म्हणाला. "कसा वाटला वहिनींना?"

"मी इथेच उभी आहे," मी म्हटलं. "माझा कॅमेरा द्या. हा घ्या तुमचा."

तो ह्यांच्याकडे बघूनच हसला. "दादा, वहिनींना समजावा जरा. ते सुरुवातीचं मॉडेल आहे. शिकेपर्यंत ठीक. ही आताची वस्तू. काच बघा, झूम बघा. तुमच्यात तिप्पट, यात दसपट. खिशात मावते. हौसेला काय लागतं आणखी?"

"तुमच्या दसपटीने मी आज सतरा डाग काढले," मी म्हटलं. "झूम मोजताय. बटण दाबल्यावर फोटो केव्हा निघतो ते मोजलंत? उन्हात तो फोन दिसतो का? आणि मी तुमची वहिनी नाही, गिऱ्हाईक आहे."

"वहिनी, म्हणजे ताई, व्यवहार झालाय. खोका फुटला, वस्तू वापरली. दादांनी सही केली. असं उलटं फिरवता येत नाही."

"माझ्या कॅमेऱ्याचा खोका आणा."

"कशाला?"

"आणा तर."

त्याने मागून खोका आणला. मीच तो माळ्यावर आठ वर्षं जपला होता आणि ह्यांनी मुकाट काढून नेला होता. तळाशी वॉरंटीचं कार्ड होतं. त्यावर कॅमेऱ्याचा नंबर आणि माझं नाव, माझ्याच अक्षरात, नव्या पेनाने जरा जास्तच नीट काढलेलं.

"आता कॅमेरा उलटा करा. नंबर जुळतो का बघा. आणि मग सांगा, ज्याच्या नावावर वस्तू नाही त्याच्या सहीवर तुम्ही ती घेतलीत कशी?"

दुकानदाराने ह्यांच्याकडे बघितलं. आता दादा वाचवतील अशी त्याला आशा होती.

"कॅमेरा माझा नाही," हे म्हणाले. जमिनीकडे बघत, पण स्पष्ट. "मी द्यायला नको होता."

तेवढ्यावर माझा राग उतरायला हरकत नव्हती. उतरला नाही. हे वाक्य काल संध्याकाळी याच काउंटरसमोर सुचायला काय झालं होतं?

दुकानदाराने कुरकुर केली, कोणालातरी फोन लावला, शेवटी कपाटाची किल्ली काढली. पावती फाडली. नवी केली आणि सहीसाठी ह्यांच्यापुढे सरकवली. सवय. मी ती ओढून घेतली आणि सही केली.

डबी परत देताना हात जरा अडखळला. कपाटाखालची ती भुरी, हनुवटी पंजावर ठेवलेली. तो फोटो माझ्या कॅमेऱ्याने शंभर वर्षांत निघाला नसता. हीसुद्धा राहू दे, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. मी म्हटलं असतं की हे तिथल्या तिथे खुलले असते, बघ, मी म्हणत नव्हतो? एवढं सुख त्यांना त्या दिवशी द्यायची माझी तयारी नव्हती. मग डबी गेली. चूक माझी असेल, असू दे.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "बॅग घेऊ?"

"नको."

"राग गेला नाही अजून."

"नाही."

"बरं." थोडं चालून, "मी येऊ तिकडे?"

आठ वर्षांत हे कधी निवाऱ्यात आले नव्हते. दुकान असतं, वास येतो, कुत्र्यांची भीती वाटते. मी म्हटलं, "या. माणूस लागतोच."

पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन भिंतीवर तिरपं होतं, मला हवं तसं. डॉक्टरीणबाईंकडून एक पांढरी चादर घेतली आणि ह्यांच्या हातात दिली.

"ही दोन्ही हातांनी वर धरा. उजेड हिच्यावरून कुत्रीवर पडला पाहिजे."

"ही चावते का?"

"मी चावत नाही तोवर ती चावणार नाही. वर धरा. आणखी वर."

काळी बसली. मी डोळा लावला. सगळं पुसट. दुकानदाराने पुसताना चकती फिरवून ठेवली होती. मी ती बोटाने मागे आणली, एकेक खाच, आणि कुत्री लख्ख झाली. मिश्या, ओल्या नाकावरची रेघ, डोळ्यांतला तपकिरी. दौत नव्हतीच ती कधी. पाठीवर निळसर लकाकी आली आणि बोट आपसूक दाबलं गेलं. मग आणखी एकदा, ती ह्यांच्याकडे मान वाकडी करून बघत असताना. हा कोण बावळट चादर घेऊन उभा, असा चेहरा.

फोटो झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बघून मान डोलावली, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेतलं आणि कचेरीकडे धावल्या. पाचला दहा मिनिटं होती.

"झालं?" चादरीमागून ह्यांचा आवाज आला. "हात भरून आले गं."

मी रिकामा कॅमेरा परत डोळ्याला लावला.

"धरा," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत."