पोटातला आवाज

त्या वर्षी मनुबाईला सगळ्यात जास्त वैताग आला तो स्टीलच्या पेल्याचा. पाणी हवं, पेला वाजला. माशी बसली, पेला वाजला. गळ्यावरचं ओलं फडकं वाळलं, पेला वाजला. तिचा नवरा नाथाजी ओसरीवरच्या खाटेवर बसायचा, चमच्यानं पेला बडवायचा, आणि ती चुलीपाशी असो की गोठ्यात, हातातलं टाकून धावायची. दिवाळीपासून पुढचा उन्हाळा आला तरी तिची धावपळ काही थांबली नव्हती.

एके काळी या माणसाला पेल्याची गरज नव्हती. नाथाजी सैन्यात कवायतीचा उस्ताद होता, हवालदार होऊन निवृत्त झाला. पलूसच्या शिवारात उसाला पाणी पाजताना त्यानं हाक मारली की कालव्यापलीकडचा गडी ‘आलो आलो’ करत उठायचा. घरातही कवायत चालूच. पोरं ताटावर वाकून बसली की आवाज यायचा, “पाठ ताठ!” अभ्यासाला बसली, पाठ ताठ. लेकीचं, रेश्माचं, लग्न ठरवायला पाहुणे आले होते, तर त्यांच्यातल्या एका वाकलेल्या म्हाताऱ्यालाही हा म्हणाला, “पाठ ताठ, पाव्हणं,” आणि ते लग्न काही जमलं नाही. त्यावरून मनुबाईनं आठवडाभर अबोला धरला होता. आता तिला वाटे, तसला शंभरदा पाहुण्यांचा अपमान चालेल, पण हा पेला नको.

बिड्यांनी घसा खाल्ला. आधी बसला, मग रक्त पडू लागलं. ऐन दिवाळीत मिरजेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याच्या खळगीत रुपयाएवढं भोक राहिलं. श्वास तिथूनच, खोकलाही तिथूनच. नाक नुसतं शोभेला. मनुबाई जुन्या धोतराची फडकी शिवायची, भिजवून, पिळून त्या भोकावर बांधायची, आतली नळी उकळून साफ करायची. वरण गाळायचं, भाकरी दुधात कालवायची. रात्री तो खोकला की हिची झोप उडायची, आणि नाही खोकला तर का नाही खोकला म्हणून उडायची.

हे सगळं सोसलं असतं. पण थोरला धैर्यशील सैन्यात होता, उत्तरेला, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सीमेवरच्या पोराला घरचं दुखणं कळवायचं नाही, हा त्या घराचा रिवाजच होता. नाथाजी सिक्कीमला असताना त्याची आई वारली, ते त्याला तेरावा उरकल्यावर कळलं. त्यानं कधी कुणाला त्याचा जाब विचारला नाही. ऑपरेशनला जातानाच, आवाज होता तोवर, त्यानं बायकोला बजावलं होतं, “धैर्याला सांगायचं न्हाई. घरी आला की बघंल.” पण धैर्याची रजा एकदा पुढं ढकलली गेली, मग दुसऱ्यांदा.

दर रविवारी सकाळी कोंडीबाच्या टेलिफोन बूथवर त्याचा फोन यायचा. एस.टी. स्टँडसमोरची काचेची खोली, दोन-तीन माणसं दाटीवाटीनं मावतील एवढी. मनुबाई तिथं उभी राहून खोटं बोलायची. आबा रानात गेलेत. आबा आष्ट्याला गेलेत, पावण्यांकडं. आबा दाढी करायला बसलेत. सरळमार्गी बाई, पण इतकी सराईत झाली की कोंडीबा हसून म्हणायचा, “वैनी, ह्या रविवारी दादा कुठं गेलं म्हणायचं?”

मे महिन्याच्या शेवटी मात्र धैर्यानं तिला बोलूच दिलं नाही.

“आई, आबा हायत का गं?”

“आरं, हायत की. आत्ताच रानात—”

“तसं न्हवं. हायत का, म्हणतोय मी. दिवाळीपास्नं एकदाबी त्यांचा आवाज न्हाई. आजी गेल्यावर आबास्नी जसं कळवलं न्हाई, तसंच चाललंय व्हय तुमचं?”

“असं अभद्र बोलू नगंस, बाळा.”

“पुढच्या रविवारी त्यांला फोनवर उभं कर. त्येच्या मागनं आमच्या गाड्या वर जाणार. मग कवा फोन मिळंल सांगता यायचं न्हाई. आबा बोललं न्हाईत तर मी समजायचं त्ये समजून जातो.”

वर म्हणजे कुठं, हे त्या दिवसांत टीव्ही लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मनुबाई घरी आली ती भिंत धरून बसली. सांगून टाकावं? कडा चढणारं पोर, आणि डोक्यात बापाचा कापलेला गळा. न सांगावं? तर डोक्यात बापाची राख. तिनं नाथाजीला सगळं सांगितलं. त्यानं पाटीवर लिहिलं, “सांगायचं नाही.” मग त्याच्याच खाली लिहिलं, “बोलतो.”

बोलायची वाट त्यांना ठाऊक होती, पण त्यानं ती अर्ध्यातच सोडली होती. धाकटी रेश्मा सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला जायची. तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. शिमग्याच्या सुमारास तिनं शोधून काढलं की आवाजाची पेटी काढलेल्या माणसांचा एक गट आहे, जगभरातल्या. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पण रोज एकमेकांना लिहितात. आंघोळ करताना भोकात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, धुळीत काय बांधायचं, लोक टक लावून बघतात तेव्हा काय करायचं. रेश्मानं आबांविषयी लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी बारा देशांतून उत्तरं आली होती. रेश्मा ती छापून आणायची आणि चुलीपाशी बसून मराठीत सांगायची.

“म्हंजे समद्या दुनियेला कळलं,” मनुबाई म्हणाली होती, “आन् माज्या पोराला तेवढं न्हाई.”

त्या माणसांपैकी निम्मी पोटातल्या आवाजानं बोलत. हवा गिळायची, ढेकर देतात तशी वर आणायची, आणि ती वर येतानाच तोंडानं शब्द करायचा. नाथाजीनं पंधरा दिवस खटपट केली. पण शेजारची राहीबाई कुंपणावरून ओरडली, “मनू, काय करून घालतीस गं भावजींना? गावजेवण झाल्यागत ढेकरा चालल्यात!” आळीभर हसू झालं. ज्याच्या एका शब्दावर पाचशे जवानांचे बूट एकदम आपटायचे, त्या माणसाला ते सोसलं नाही. त्यानं पुन्हा पेला हातात घेतला.

आता सोमवारी रेश्मानं गटाला लिहिलं: वडिलांना रविवारी दोनच शब्द बोलायचे आहेत, भाऊ लढाईवर चालला आहे. मंगळवारी ती कागदांचा गठ्ठाच घेऊन आली. बंगळूरचा एक निवृत्त बँकवाला म्हणत होता, सोडा प्या, हवा आपोआप भरते. छातीनं जोर करू नका. जोर केला की भोकातून नुसती फुसफुस होते आणि शब्द त्यात बुडतो. आणखी कुणी लिहिलं होतं, क, ट, प अशा ठोकून निघणाऱ्या अक्षरांनी सुरुवात करा. ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढपाळानं लिहिलं होतं की त्यानं नव्या आवाजात पहिल्यांदा हाक मारली तेव्हा त्याचं कुत्रं पळून गेलं. आता येतं, पण मान वाकडी करून, विचार करत.

नाथाजी हसला. म्हणजे त्याचे खांदे हलले आणि फडकं फडफडलं.

“आन् ही मार्था,” रेश्मा म्हणाली. “कॅनडाची. हिच्या नवऱ्याचं आबांसारखंच झालंय. ती तुझं विचारतीया.”

“माजं काय?”

“नाथाजींचं कळलं, पण त्यांच्या बायकोकडं कोण बघतं? ती झोपते का?”

मनुबाईला प्रश्नच कळला नाही. “मला काय धाड भरलीया? लिही, बरी हाय म्हणून.” आणि ती नळी उकळायला उठली. रेश्मानं तसं लिहिलं नाही. नंतर लिहू म्हणाली.

तो आठवडा घरात सोड्याचा गेला. गोटीच्या बाटल्या दारामागं उभ्या राहिल्या. गोटी फट्दिशी आत जायची, नाथाजी घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि कुठून तरी खोल विहिरीतून यावं तसं काहीतरी वर यायचं. बुधवारी नुसता ढेकर. गुरुवारी “का”. शुक्रवारी “का... रं”. धैर्याचा फोन आला की तो पूर्वी “काय रं, धैर्या” म्हणायचा, म्हणून तेच धरलं होतं. राहीबाईनं कुंपणावरून मान वर काढली, तेव्हा मनुबाईनं नुसतं तिच्याकडं बघितलं. काय बघितलं कोण जाणे. राहीबाई आत गेली आणि थोड्या वेळानं लिंबं घेऊन आली. म्हणाली, “सोड्यात पिळा. बरं पडंल.”

शनिवारी नाथाजी “काय रं, धैर्या” म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. खरं तर कुठल्याच माणसाचा नव्हता. ओल्या चामड्याच्या वहाणेनं करकरावं तसा. पण शब्द होते. मनुबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला एवढंच वाटलं, की आता कुणीतरी आपल्याला घटकाभर आडवं होऊ द्यावं.

रविवारी तिघं बूथवर गेली. नाथाजीनं धुतलेला सदरा घातला होता, फडकं नवं होतं. कोंडीबानं स्टूल आणलं, सोडा फोडला, आणि बाहेर रांगेत कुणी नसताना उगाच म्हणाला, “लाईन मोकळी ठेवा रं.”

फोन वाजला. मनुबाईनं उचलला, “देते,” एवढंच म्हणाली आणि फोनचं बोलायचं टोक नवऱ्याच्या ओठांपाशी धरलं. नाथाजीनं घोट घेतला.

“काय... रं... धै... र्या.”

पलीकडून धैर्याचा आवाज एवढा मोठा आला की काचेबाहेर कोंडीबालाही ऐकू गेला.

“कोन बोलतंय? कोन हाय त्यो? आई! कुनाला हुबं केलंस गं? गड्या, मस्करी करायची हीच येळ घावली व्हय रं तुला?” आणि मग एकदम पोरासारखा, “आबा गेलं न्हवं? गेलं न्हवं का आबा?”

नाथाजी घाबरला. त्यानं छातीनं जोर केला, जो करू नको म्हणून बंगळूरवाल्यानं बजावलं होतं. भोकातून नुसता वारा सुटला. मनुबाईनं फोन काढून घेतला. आठ महिने जे तोंडाशी अडवून ठेवलं होतं ते तिनं एका दमात बाहेर काढलं. त्या दमातही फार काही शक्ती नव्हती.

“आबाच हायत. गळा कापलाय त्यांचा. कॅन्सर झालता. आवाज काढून टाकला डॉक्टरनं. मी खोटं बोलत हुते. जित्ते हायत, माज्याशेजारी बसल्यात, सोडा पितायत. त्यो आवाज पोटातला हाय. तुज्यासाठी शिकलं त्ये.”

“खोटं.”

“ह्येबी खोटंच वाटत आसंल, तर कशाला जगावं रं मी?” ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारावं तसं.

नाथाजीनं तिच्या हाताला धरून फोन स्वतःकडं वळवला. कोंडीबानं दुसरी बाटली फोडून दिली. नाथाजीनं या वेळी डोळे मिटले नाहीत. पाठ केलेले शब्द त्यानं सोडून दिले. स्टुलावर सरळ बसला, खांदे मागं नेले, घोट घेतला, थांबला.

“पाठ... ताठ.”

तारेवर नुसती खरखर होती. रेश्मानं आईचा दंड धरला.

“ताठ हाय, आबा,” पलीकडून आलं. नंतर नाक ओढल्याचा आवाज. “ताठ हाय.” मग तो चिडला, आणि त्याच्या चिडण्यानंच मनुबाईला कळलं की पोरगं भानावर आलं. “मला का न्हाई सांगितलंत? आबा आजीसाठी कुनाफुडं रडलं न्हाईत, म्हंजे त्यांला काय वाटलंच न्हवतं व्हय? मागं लय पोरं हुबी हायत आई, ठेवतो. आबास्नी सांग, आलो की कान पकडून—” आणि लाईन गेली. कुणाचा कान, ते काही कळलं नाही.

घरी येताना नाथाजी पुढं चालत होता, मनुबाई मागं. तो मधूनच थांबून “का” “का” करत होता, आणि स्टँडवरची माणसं बघत होती. बघू देत. पोर वर चाललं होतं ते चाललंच होतं. ती काळजी घरात पाहुण्यासारखी आता कधीपर्यंत मुक्काम करणार, कोण सांगणार. पण निदान खोटं बोलायचं उरलं नव्हतं. ते केवढं जड होतं हे तिला आता, खाली ठेवल्यावर समजत होतं.

ओसरीवर येताच ती नाथाजीच्याच खाटेवर आडवी झाली. पाय पोटाशी घेतले, पाठ पार वाकवली. त्यानं बघितलं, पण काही म्हणाला नाही. पेला उचलला आणि स्वतःच माठाकडं गेला.

“आई,” रेश्मा म्हणाली, “उद्या समद्यांना कळवते, आबा बोलले म्हणून. मार्थाला काय लिहू? तिचं उत्तर राहिलंय.”

मनुबाईनं डोळे उघडले नाहीत.

“लिही,” ती म्हणाली, “निजलीया म्हणून.”