शेऱ्याचा रकाना

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो, आणि परवापरवापर्यंत बारा वर्षे मी शाळेच्या कार्यालयात पाण्याच्या फिल्टरखाली होते. फिल्टरच्या स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून तिथे मी. एकोणीस वर्षांतली मुले माझ्या पोटात, आणि डोक्यावर वीस लिटर पाणी!

बांधणीवाल्याने मला कापडी पाठ दिली, जाड दोऱ्याने शिवले. पण मला खरे घडवले जुन्या कारकुनांनी. माझा शेवटचा रकाना शेऱ्याचा. दुसरे कोणी तिथे रेघ मारून मोकळे झाले असते. हे मात्र बारीक अक्षरात मुलाची सगळी हकिकत लिहीत. तपासनीस वैतागत, ही नोंदवही आहे की पत्र, असे विचारत. कारकून हो हो म्हणत आणि पुन्हा लिहीत.

पुढे संगणक आला. नव्या कारकुनांनी माझ्यातली नावे, तारखा सगळे त्यात उतरवले आणि शेऱ्याचा रकाना तेवढा गाळला. का, तर मजकूर लांब आहे, मावत नाही. घ्या! फळ खाल्ले आणि कोय ठेवली असे नव्हे, मित्रांनो. कोय ठेवली आणि फळ फेकले.

गेल्या महिन्यात एक नर्सबाई आल्या. त्यांचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हृदय थकलेले. लहानपणी आई वारली तेव्हा त्यांची सहा वर्षांची धाकटी बहीण एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याला दत्तक दिली गेली आणि घरात तिचे नाव काढायलाही बंदी झाली. डोळे मिटण्याआधी ती एकदा दिसावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

लेकीने काय काय केले! पाच कार्यालये झाली, वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रे झाली, संगणकावर वंशवृक्ष तयार झाला. पणजोबांचे पणजोबा सापडले, आत्याची चौकट कोरीच. आमच्याकडे त्या तीनदा आल्या. कारकुनांनी तीनदा संगणक उघडला आणि तीनदा एकच वाचून दाखवले: शाळा सोडण्याचे कारण, इतर. आणि मी त्यांच्यापासून चार हातांवर! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तिसऱ्या खेपेला नर्सबाई पाणी प्यायला आल्या आणि तिथेच रडू लागल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींनी कोणते साल ते विचारले. वीस वर्षे त्या इथे आहेत, पण त्यांना कोणी काही विचारले असेल तर शपथ.

"त्या सालाचं पुस्तक या स्टुलाखाली आहे की," मावशी म्हणाल्या.

मला ओढून काढले. पाने चिकटलेली, कडा फुगलेल्या, पण शेरा शाबूत होता: 'मुलगी दत्तक गेली. नवे वडील दीपगृहाचे रखवालदार. दाखला बंदरावरच्या शाळेस पाठवला.'

त्या शाळेतून धागा मिळत गेला आणि तीन आठवड्यांनी दोन म्हातारी माणसे आमच्या कार्यालयात आली, एकमेकांचा हात धरून. त्यांना माझे पान बघायचे होते. आत्याने स्वतःचा शेरा वाचला. मग वरच्या ओळीतला भावाचा वाचला: 'बहीण गेल्यापासून तिच्या बाकावर बसतो. उठवू नये.'

तिने त्या ओळीवरून बोट फिरवले.

"मला वाटायचं, तू विसरलास," मग ती म्हणाली.

म्हणून सांगते, मित्रांनो, आपली माणसे शोधायची तर आधी जुन्या माणसांना विचारा, मावशींना विचारा, आणि कागद शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. आता मला कोरडे करून कपाटात ठेवले आहे, कारकून स्वतः धूळ पुसतात. पण पालथ्या घड्यावर पाणी ते हेच. स्टूल पुन्हा डुगडुगू लागले, तेव्हा त्यांनी कपाटातून माझ्यानंतरची नोंदवही काढली आणि त्या पायाखाली सारली.

ती माझी धाकटी बहीण आहे. तिला कोणीतरी बाहेर काढा.