प्रयोगाआधी जेवत नाहीत

"तुम्ही माझ्या आईला उपाशी मारताय," म्हणत लेकीने खिडकीवरून उपटून आणलेला पडदा वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांच्या टेबलावर आदळला.

व्यवस्थापकांनी आधी कापड कुठे फाटलंय का ते पाहिलं.

"ताई, पडद्याने कोणी मरतं का?"

"ही नक्षी कुठली?"

"जुन्या बॅलेच्या पोशाखांवरची!" त्यांचा चेहरा खुलला. "मोठ्या डिझायनरचं काम आहे. पडदे, पलंगपोस, जिन्यातल्या भिंतीसुद्धा. म्हाताऱ्या माणसांना रंगांनी उभारी येते."

"माझी आई हाच पोशाख घालून नाचायची."

"अरे वा! मग तर त्यांना घरच्यासारखं वाटत असेल."

डोकं आपटायला भिंत शोधावी, तर तिच्यावरही पडद्यासारखीच निळ्या रंगावरची नारिंगी वर्तुळं. शेवटच्या रांगेतून दिसावीत म्हणून कुणीतरी ती कधीकाळी एवढी मोठी काढली होती, आणि नाचणारी वळली की फिरावीत म्हणून तिरकी. इथे ती पंख्याच्या वाऱ्यावर फिरत. आईला लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण ती वर्तुळं बरोबर ओळखू येत. पडदा हलला की तिला वाटे, बाकीच्या जणी स्टेजवर निघाल्या, आता आपली पाळी. आणि प्रयोगाआधी तिने उभ्या आयुष्यात घास घेतला नव्हता.

"तिच्या एका खोलीतली तरी नक्षी बदला. उद्या डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत."

"एकाच खोलीचं बदललं तर सगळा मेळ बिघडतो, ताई. आणि नळीचं म्हणाल, तर ती सोय आहे आपल्याकडे."

लेक वर आली. खिडकी उघडीबोडकी होती. पण पलंगपोस होता, खुर्चीची गादी होती, दारातून जिन्याची भिंत दिसत होती. आई ताठ बसली होती, मान लांब करून. सेवेला असलेल्या मावशी सुपाची वाटी घेऊन उभ्या.

"आजी, एवढा एक घोट. हिरॉइन झालात म्हणून किती ते नखरे!"

"शिंपीणबाई, बडबड नको. कंबर आवळा जरा."

मावशी हसायला गेल्या आणि थांबल्या. आवळायला कंबर उरली नव्हती.

लेकीने एकदम टाळ्या वाजवल्या. मावशींना डोळ्यांनी खुणावलं. वाटी ठेवून त्याही वाजवू लागल्या.

"आई, संपला प्रयोग!"

"संपला?"

"हो. लोक उभे राहिले होते. आता जेव."

आईने तोंड उघडलं. चमचा ओठांना लागायच्या आत तिने मान वळवली, पांघरूण बाजूला सारलं आणि पावलांकडे बघितलं. बोटं हलवली. घोटा दाबून पाहिला, मग दुसरा.

"मी नाचले?"

"हो गं. खूप छान नाचलीस."

"मग पाय का दुखत नाहीत?"

लेकीने चमचा पुन्हा पुढे केला.

"तुला विचारतेय मी. पाय का दुखत नाहीत? बोल."