उजव्या खिशातला कागद

मी दारामागच्या खुंटीवरून बोलतोय. मी एक पांढरा अ‍ॅप्रन, डॉक्टर लोक घालतात तसा. अजून एकाही डॉक्टरने मला घातलेलं नाही, आणि माझ्या उजव्या खिशातला कागद खरा असेल तर घालणारही नाही. आज शुक्रवार. सकाळचे सव्वाआठ झालेत आणि दहाची बस आहे. मला भीती वाटतेय.

माझा जन्म याच खोलीत झाला. या घरातली आई शिवणकाम करते: पडदे, शाळेचे गणवेश, ढगळ झालेल्या पँटी आत घेणं. मुलीची मेडिकलची प्रवेश परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात आईने मला बेतलं.

"अगं, निकाल तर लागू दे," मुलगी म्हणाली.

"कापड चांगलं दिसलं म्हणून घेतलं," आई म्हणाली. साफ खोटं. मी त्या दुकानात होतो. तिने दुकानदाराला चार तागे उलगडायला लावले होते.

तिने माझी उंची मुद्दाम दोन बोटं जास्त ठेवली आणि खालची दुमड कच्चीच सोडली. जायच्या दिवशी अंगावर घालून नेमकी करू, म्हणाली. मला तेव्हाच कसंतरी झालं. ज्या घरात परीक्षेआधी शांतता असते आणि परीक्षेनंतर उत्साह, तिथे कापडालाही धाकधूक वाटते.

पहिल्या यादीत मुलीचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, चौदावं. मग नववं झालं. मग चौथं. रोज दुपारी घर रिकामं झालं की ती मला घालायची, कॉलर सरळ करायची आणि आरशातल्या मुलीला गंभीरपणे विचारायची, "कधीपासून दुखतंय?" मला फार आवडायचं ते. मग नंबर तिसऱ्यावर आला आणि तिथेच अडकला. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत ती मला घालायची, पण आरशाकडे पाठ करून उभी राहायची.

तिचे बाबा एका दवाखान्यात लिफ्टमन आहेत. त्यांनी सगळ्या मजल्यांवर सांगून ठेवलं होतं की आमची मुलगी डॉक्टर होणार. लिफ्टमधल्या माणसाला पळून जाता येत नाही, ऐकावंच लागतं. घरी ते तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. ती हसायची, पण दिवसेंदिवस उशिरा हसायची.

बाराव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि दाराला, म्हणजे मलाच, टेकून ते वाचलं. यंदाची प्रवेश प्रक्रिया संपली आहे, आपणास जागा देता येत नाही याचा खेद वाटतो, असं काहीतरी. तिची पाठ थरथरत होती आणि मी चुरगळत होतो. तेवढ्यात जिन्यावरून बाबांचा आवाज आला. "काय गं, आलं का काही?"

तिने दार उघडलं. बाबा धापा टाकत उभे होते. दिवसभर लिफ्टमध्ये असतात, पण घरचे तीन जिने पळत चढले होते.

"लागला नंबर," ती म्हणाली.

बाबा तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. त्यांना रडताना या घराने कधी पाहिलं नव्हतं. आता ते शब्द परत कसे घेणार? तिने मागे हात नेऊन पत्राची तीन पदरी घडी केली आणि माझ्या उजव्या खिशात सारली.

तेव्हापासून हे घर मला ओळखू येत नाही. बाबांनी नवी बॅग आणली. फी तिथे गेल्यावर भरायची असते, असं तिने सांगितलं आणि त्यांना ते पटलं. आईने हॉस्टेलचा पत्ता विचारला. तिने एक सांगितला, दुसऱ्या दिवशी दुसराच. पुस्तकं तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकली. कप्पा रिकामा करून ओल्या फडक्याने पुसला. इतका स्वच्छ कप्पा मला पाहवेना. जाणारं माणूस परत यायचं असेल, तर काहीतरी मागे ठेवतं. ही बस तिला कुठे नेणार, हे तिला तरी माहीत आहे का?

बुधवारी आईने मला इस्त्रीला घेतलं. कधीतरी एका गिऱ्हाईकाच्या खिशात पेन राहून गेलं आणि सगळा शर्ट निळा झाला. तेव्हापासून ती खिसे चाचपल्याशिवाय कशालाच इस्त्री लावत नाही. तिचा हात आत गेला. तिने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. इस्त्री माझ्यावरच राहिली. माझ्या डाव्या बाजूला तपकिरी डाग आहे, तो तेव्हाचा.

मग तिने पत्र परत ठेवलं. पण मापाच्या चिठ्ठ्यांची करते तशी, चौपदरी घडी करून.

मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलली. मुलीने आपणहून सांगावं म्हणून दोन दिवस वाट बघत बसली. "काही राहिलं का?" एवढंच विचारायची. "काही नाही," मुलगी म्हणायची. राग येतो मला माणसांचा. तोंड असून गप्प बसतात.

पण एक गोष्ट मला छळते. पत्र लपवायला हिला दुसरी जागा नव्हती? आई खिसे तपासते, हे मला ठाऊक आहे, तर तिच्या मुलीला नसेल?

आली. दोघी आल्या.

"घाल बघू. दुमड राहिलीय," आई म्हणते. मी मुलीच्या अंगावर चढतो. आई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसते आणि एकेक टाचणी मला लावत जाते. मुलगी सवयीने हात खिशात घालते.

तिची बोटं थांबतात. तीन पदर होते, चार आहेत. ती खाली बघते. डाग दिसतो. आईचं डोकं दिसतं.

"आई," ती म्हणते. "कधी?"

आई ओठांतल्या टाचण्या काढते, एक, दोन, तीन, आणि टाचण्यांच्या गादीत खोचते.

"बुधवारी," ती म्हणते. "तू कुठे जाणार होतीस गं?"

"माहीत नाही."

आई तिचे दोन्ही पाय घट्ट धरते. माझ्यासकट. टाचण्या तिच्याच दंडात घुसतात, तरी सोडत नाही.

खालून बाबांची हाक येते. "डॉक्टरीणबाई, चला, स्टँडवर जायला रिक्षा आलीय!"

दोघी दचकतात. "त्यांना मी नाही सांगू शकत, आई."

"मी बोलते. तू फक्त माझ्याबरोबर चल."

त्या तीन जिने उतरतायत. मी अंगावरच आहे, अर्धवट दुमडलेला, डागाळलेला. खाली एक माणूस नवी बॅग हातात धरून हसत उभा आहे. बाबा, तुम्ही खूप जणांना अलगद खाली उतरवलं आहे. आज हिलाही उतरवून घ्या. मला कुणीच घातलं नाही तरी चालेल.